अक्काने माझ्यासाठी केलेली प्रार्थना

नोकरी गेल्याचं नवऱ्याने मला सांगितलंच नव्हतं. रोज सकाळी डबा घेऊन तो ऑफिसला म्हणून निघायचा आणि हेब्बाळच्या तळ्याकाठी बसून राहायचा. एकदा बसमधून मला तो दिसला. घरी मी काही बोलले नाही. सांगितलं फक्त चर्चमधल्या मैत्रिणीला. वयाने मोठी म्हणून तिला मी अक्का म्हणते. कुणाला कळता कामा नये, असं बजावलंही. "सरी, बरं, मी प्रार्थना करते," ती म्हणाली.

आणि केलीच की! राजाजीनगरात आमची मराठी मंडळी बुधवारी कुणाच्या तरी घरी प्रार्थनेला जमते. तिथे अक्का खणखणीत आवाजात म्हणाली, "प्रभू, या बहिणीचा नवरा बेकार आहे, डबा घेऊन तळ्यावर बसतो. दोघांचा गर्व मोड, त्यांना नम्र कर." सगळ्यांचे डोळे मिटलेले आणि कान टवकारलेले. नवरा माझ्या शेजारीच बसला होता. वर मीही सवयीने "आमेन" म्हणाले.

निघताना जिन्यात मी तिला गाठलं. "तुला एकटीला सांगितलं होतं ना?"

"मी देवालाच तर सांगितलं गं."

देव काय बहिरा आहे?

वाटेत नवरा एवढंच म्हणाला, "माहीत होतं, तर मला का नाही विचारलंस?"

अक्काला मी अजून माफ केलेलं नाही. पण घरी येऊन गुडघे टेकले, तेव्हा लक्षात आलं. इतक्या दिवसांत देवाला मी यातलं एक अक्षर सांगितलं नव्हतं. ते काम अक्कावर सोपवून मी मोकळी झाले होते.