खिडकीची जागा, सात संगणक आणि आठवीचा वर्ग

नागरिकांच्या मूलभूत हक्कांत खिडकीच्या जागेचा समावेश झालेला नाही, ही गोष्ट मी यापूर्वीही योग्य त्या ठिकाणी, म्हणजे घरी, मांडलेली आहे. पण या प्रवासात जे घडलं त्याला तोड नाही. नांदेडहून लातूरला निघालेल्या जीपमध्ये खिडकीशी बसला होता एक लोखंडी डबा. खाली उशी, अंगावर चादर, वरून बांधलेला पट्टा. मी मधे. तीस वर्षं शिकवलेली, गुडघे दुखणारी, तिकीट काढायला तयार असलेली मी मधे, आणि डबा मात्र लोह्याची शेतं बघत चाललेला.

“मॅडम, त्याला हादरा चालत नाही,” पुढून नसीरभाई म्हणाला.

“मला चालतो?”

“तुमच्यात हार्डडिस्क कुठंय?”

नसीरभाईचं नांदेडात संगणक दुरुस्तीचं दुकान आहे. गाडी चालवणारे सुधाकरराव तंत्रनिकेतनात शिकवतात. हे दोघं सुट्टीच्या दिवशी जुने संगणक गोळा करतात, दुरुस्त करतात, त्यांत लिनक्स घालतात आणि जिल्हा परिषदेच्या शाळांना देऊन येतात. पगार नाही, सत्कार नाही, बायकांची बोलणी मात्र नियमित. लिनक्स म्हणजे संगणक चालवणारी प्रणाली. फुकट मिळते, वाटली तर गुन्हा होत नाही, आणि मराठीतून चालते. माझ्या घरच्या संगणकात जे काही आहे ते दुकानदाराने “सगळं टाकून देतो” म्हणून टाकलेलं आहे. त्याच्या मालकीविषयी मी कधी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. मी या दोघांबरोबर का निघाले, तर “तुमचा हा समाजसेवेचा खेळ एकदा बघायचाय” असं मी चहा पिताना बोलून बसले होते, आणि सुधाकररावांना टोमणा कळत नाही. त्यांना तो होकार वाटला.

ज्यांना जायचं असेल त्यांच्यासाठी: नांदेड, लोहा, अहमदपूर, लातूर, असा रस्ता. आमच्या जीपला साडेतीन तास लागले, त्यात अहमदपूरला चहा. एप्रिल असेल तर पहाटे निघा. दहानंतर वारा अंगावर तव्यासारखा येतो. पाणी घरून घ्या.

लातूर

लातुरात शिरताना पहिलं स्वागत करतात ते फलक. भिंतीएवढ्या फलकांवर चष्मेवाली मुलं, प्रत्येकाच्या खाली गुण. भूकंपानंतर या जिल्ह्याचं नाव देशाने ऐकलं, आणि मग काही वर्षांत परत ऐकलं ते या गुणांमुळे. गल्लीगल्लीत क्लास, क्लासच्या वर होस्टेल, होस्टेलच्या खाली मेस, आणि मेसबाहेर वही उघडी धरून भात गिळणारी मुलं.

आम्हाला जे सात संगणक घ्यायचे होते ते अशाच एका क्लासचे. क्लासने नवे घेतले, जुने जिन्याखाली टाकले होते. क्लासचे मालक सर स्वतः खाली आले.

“घेऊन जावा सगळे. जागा अडून राहिली,” ते म्हणाले. मग जरा जवळ येऊन, “तिकडं खेड्यात एखादा चुणचुणीत पोरगा दिसला तर तेवढं नाव सांगा.”

“पोरगी दिसली तर?” मी विचारलं.

“पोरगी बी चालंल की. लेडीज होस्टेल हाय आपल्याकडं.”

माणूस वाईट नव्हता. चहा पाजला, दोन पोरं उचलायला दिली. पण जुने संगणक गावाकडे आणि हुशार मुलं शहराकडे, असा हा सरळ हिशोब त्यांना इतका स्वाभाविक वाटत होता, की मी माझी जीभ आवरली. मला ते क्वचित जमतं.

मुक्काम गंजगोलाईजवळच्या लॉजवर. खोली तीनशे रुपये, पंखा फिरतो, पाणी येतं, तक्रार नाही. सकाळी न्याहारीला सुशीला. नांदेड-लातूरबाहेरच्या वाचकांसाठी: ही कोणी बाई नाही, भिजवलेल्या चुरमुऱ्यांना कांदा, मिरची, दाण्याच्या कुटाची फोडणी. गरम खा आणि दुसरी प्लेट मागताना लाजू नका.

गाव

लातूरहून औसा, तिथून लामजन्याच्या बाजूला आत वळलं की ती गावं लागतात. भूकंपानंतर नव्या जागी वसवलेली. रस्ते रुंद, घरं ओळीत, आणि घरांचे आकार तीन. “आम्ही अडीचशेवाले”, “ते साडेसातशेवाले” अशी माणसं आपली ओळख सांगतात. ते घराचे चौरस फूट. जुनं गाव दोनेक किलोमीटरवर आहे, बाभळींनी भरलेलं. स्लॅबच्या घरापुढे बहुतेकांनी पत्र्याचं शेड टाकलंय, आणि भूकंप आठवणारी म्हातारी माणसं अजून त्या शेडमध्येच झोपतात.

शाळा सातवीपर्यंत. दारात गंगासागरबाई उभ्या होत्या. वय पस्तिसेक, पदर खोचलेला, हातात शंभर पानी वही. सामान उतरायच्या आधीच त्यांनी आम्हाला कोपऱ्यात घेऊन खरी गोष्ट सांगितली.

“सातवीत अकरा पोरी हायत. आठवीसाठी सात किलोमीटरवर हायस्कूल. एस.टी. न्हाई. पोरं सायकलीवर जातेत, पोरी घरी बसतेत. मी आठवीचा वर्ग मागितलाय. पालकांचा अर्ज लागतो, सह्यांसकट, ह्या आठवड्यात. सुट्ट्या लागल्या की फाइल बंद. आन् पालक सही करंनात.”

“का?”

“गेल्या साली मी सांगितलं, शाळेत संगणक येतेत. आले. खोक्यात आले, खोक्यातच ऱ्हायले. शिकवायला कुणी आलंच न्हाई, मग माघारी नेले. आता पालक म्हणतेत, बाई, तुमची आठवी बी खोक्यातलीच असंल.” त्या हसल्या, पण डोळे हसत नव्हते. “उद्या सकाळी सभा हाय. हे चालू दिसलं पायजे. एवढंच.”

मग दिवसभर काम. पद्धत अशी: सात जुने संगणक नुसते तारेने मोठ्या डब्याला जोडायचे. डोकं सगळं मोठ्या डब्याचं, बाकीच्यांचे नुसते डोळे आणि हात. खिडकीच्या जागेचा मान त्याला का होता ते मला तेव्हा कळलं, पटलं नाही. नसीरभाई जोडत होता, सुधाकरराव सांगत होते, आणि गंगासागरबाई वहीत उतरवत होत्या. रोज पाठाचं टाचण काढायची शिक्षकांना सवय असते. बाईंनी संगणकाचंही टाचण काढलं. मी डोकावून पाहिलं. पायरी सहा: “सरांनी डोकं खाजवलं. मग काळी तार काढून पुन्हा बसवली. चाललं.”

“डोकं खाजवायचं कशाला लिहिलंत?”

“काय माहीत, मॅडम. लागत असंल.”

संध्याकाळी सातही पडदे लागले. बाईंच्या घरी भाकरी, पिठलं, दाण्याची चटणी. नसीरभाईने चार भाकरी खाल्ल्या आणि नंतर तीनच खाल्ल्याचं शपथेवर सांगितलं.

सभा

सकाळची शाळा. साडेसातला चाळीसेक माणसं जमली. अर्धी खोलीत, अर्धी दाराबाहेर, स्लॅबखाली न यायच्या सवयीने. मोठा डबा पुढे स्टुलावर, गळ्यात झेंडूची माळ. उकाडा होता म्हणून नसीरभाईने त्याचं एका बाजूचं झाकण काढून ठेवलं होतं आणि समोर टेबलपंखा लावला होता. सातही पडदे चालू.

सरपंच आले. नवी गोष्ट सुरू करायची तर नारळ लागतो, आणि या भागात विहिरीवर नवी मोटर बसवली की नारळ फोडून पाणी मोटरीवर सोडतात. मोटरीचं त्याने काही बिघडत नाही, तिचा जन्मच पाण्यात जायचा. सरपंचांनी आयुष्यात पंधरा-वीस मोटरींचं उद्घाटन केलं असेल. त्यांनी नारळ फोडला, हात जोडले, आणि दोन्ही वाट्यांतलं पाणी मनोभावे डब्यावर ओतलं. उघड्या बाजूने.

चर्र असा आवाज आला. सातही पडदे एकदम काळे.

नसीरभाईने वायर उपटली, आत बोट घातलं, चाखलं. “गोड हाय,” तो म्हणाला. मग हळूच माझ्याकडे वळून, “गेला, मॅडम. झाकण मी काढलं. माझीच चूक.”

सरपंच हातात रिकाम्या वाट्या घेऊन उभे. “मला काय ठावं? मोटरीला चालतंय की.”

दारातून एक उंच गडी उठला. दिगंबर. त्याची मुलगी अश्विनी सातवीत, पहिल्या संगणकासमोर बसलेली. “बाई,” तो म्हणाला, “गेल्या साली खोक्यात बंद होते. औंदा खोक्याभायेर बंद हायत. पुढच्या साली काय?” काहीजण हसले. काहीजण चप्पल शोधायला लागले.

मला दहा टोमणे सुचले होते, सगळे सरपंचांसाठी. पण माझं लक्ष गंगासागरबाईंकडे गेलं. त्या कुणाकडेच बघत नव्हत्या. वही उघडून पानं उलटत होत्या, बोट ओळीवर ठेवून, वाणसामानाची यादी तपासावी तसं.

“सर,” त्या म्हणाल्या, “पायरी नऊ. ‘मोठा डबा जोडण्याआधी तीन संगणक नुसत्या तबकडीवर चालवून पाहिले. चालले. फार हळू.’”

सुधाकररावांनी कपाळावर हात मारला. जुन्या संगणकांपैकी तिघांना तबकडी, म्हणजे सीडी, घालायचा कप्पा होता, आणि लिनक्स नुसत्या तबकडीवरूनही चालतं. शिकवणाऱ्या माणसाला ते घाबरल्यावर आठवलं नाही, शिकणाऱ्या बाईच्या वहीत ते होतं.

तीन तबकड्या घातल्या. आणि मग वाट बघणं. जुना संगणक तबकडीवर चालू होतो तेव्हा म्हाताऱ्या माणसासारखा आधी खोकतो, मग घरघरतो, मग कुठं उठू का विचारतो.

“बसा, दिगंबरभाऊ,” बाई म्हणाल्या. “औत जुंपायला येळ लागतो का न्हाई?”

“औत जुंपल्यावर नांगरतं तरी.”

“मग बघा की नांगरतंय का. न्हाई नांगरलं तर जावा.”

तो बसला नाही, पण गेलाही नाही. सहा-सात मिनिटांनी पहिला पडदा उजळला, छोटीशी धून वाजली. मराठी अक्षरं दिसली. मागून कुणीतरी “आलं, आलं” म्हणालं.

“गाणी तर मोबाइलवर बी वाजतेत,” दिगंबर म्हणाला. “कामाचं काय करतंय हे?”

“तुमीच सांगा काय करायचं.”

त्याने जरा विचार केला. “अर्ज लिहू द्या. तहसीलीत टायपिंगवाला एका पानाला किती घेतो मला ठावं हाय.”

अश्विनीने अक्षरांवर बोटं ठेवली. आदल्या दिवशीच ती दोन तास बसली होती. एक बोट, मग दुसरं. “प्रति,” ती पुटपुटली. “माननीय… बापू, कशाचा अर्ज?”

गंगासागरबाईंनी तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. मला वाटतं, त्या दिवसातलं त्यांचं सगळ्यात अवघड काम तेच असावं.

दिगंबरने पायातली चप्पल काढली आणि आत आला, स्लॅबखाली. मुलीच्या खुर्चीमागे उभा राहिला.

“लिही,” तो म्हणाला. “आमच्या गावी आठवीचा वर्ग उघडणेबाबत.”

पुढचा अर्धा तास तो सांगत होता आणि ती लिहीत होती. सात किलोमीटर आलं. पावसाळ्यातला ओढा आला. “आमच्या पोरी घरी बसवायच्या नाहीत” हे वाक्य तो म्हणाला तेव्हा बाजूच्या बापांनी माना हलवल्या. “मोबदला मागत न्हाई असं बी लिही,” एकजण म्हणाला. “कशाचा मोबदला?” “आसं लिहितेत अर्जात.” ते गाळलं.

“आता कागद कुठून निघतो?” दिगंबरने विचारलं.

सुधाकरराव नसीरभाईकडे, नसीरभाई छताकडे. प्रिंटर आणलाच नव्हता. सात संगणक, एक दिवंगत डबा, उशीसुद्धा, पण प्रिंटर नाही.

सगळी सभा पुन्हा बाईंकडे वळायच्या आत माझ्या तोंडातून निघून गेलं, “मी छापून पाठवते. परवाच्या एस.टी.ने. औशाला मिळेल.” माझी जीभ कुणाच्या तरी उपयोगी पडल्याचा हा प्रसंग आमच्या घरात कुणी खरा मानलेला नाही. अर्ज माझ्या पेनड्राइव्हवर घेतला. “परवा,” दिगंबर म्हणाला, माझ्याकडे बघत. विश्वास ठेवायचा की नाही हे त्याने अजून ठरवलं नव्हतं.

घरी

परतीला खिडकीची जागा मला मिळाली. डबा मागे, पट्ट्याशिवाय.

तुम्ही जाणार असाल तर सुती कपडे घ्या, औशाच्या पुढे हॉटेलांची आशा ठेवू नका, आणि कुठल्याही शाळेत जाताना झाकण लावून जा. बाकी काय राहिलं मनात? सातांतले तीनच चालतायत. डबा दुरुस्त होऊन जूनमध्ये जाईल. वर्ग मंजूर होईल का, कोण जाणे. फाइली कशा चालतात ते मी नोकरीत पाहिलंय. समाजसेवेचा खेळ बघायला गेले होते, आणि त्यात एक बाई वहीतल्या नवव्या पायरीवर बोट ठेवून उभ्या असलेल्या दिसतात, अजून.

दुसऱ्या दिवशी पेनड्राइव्ह माझ्या संगणकाला लावला तर मराठी अक्षरांच्या जागी पानभर चौकोन. एक अक्षर वाचता येईना. मी चार प्रकार करून पाहिले, मग नसीरभाईला फोन केला. दुपारी तो तबकडी घेऊन आला, माझ्या संगणकात घातली, आणि हसला नाही. अर्ज जसाच्या तसा उघडला. शुद्धलेखनाच्या चुका मला पहिल्या ओळीपासून दिसत होत्या. तीस वर्षांची लाल शाईची सवय हातात होती. एकही सुधारली नाही. तीन प्रती काढल्या, खाली सह्यांसाठी जागा सोडून.

सकाळी सहाच्या गाडीला स्टँडवर गेले. औशामार्गे जाणाऱ्या गाडीच्या कंडक्टरला पाकीट दिलं, गंगासागरबाई औशाच्या स्टँडवर घ्यायला येतील म्हणून सांगितलं.

“काय हाय यात, मॅडम? सांडणारं न्हाई ना?”

“न्हाई. आठवीचा वर्ग हाय.”

त्याने पाकिटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि ते सीटवर ठेवून वर आपली तिकिटांची पेटी ठेवली. गाडी फाटकाबाहेर जाईपर्यंत मी उभी राहिले.