शून्य लावून ठेवलेली लाइन

सत्तरच्या आसपास कलकत्त्यात खिदिरपूरच्या आमच्या ऑफिसात प्रत्येक टेबलावर फोन आला, तेव्हा आम्ही काय शेफारलो होतो! दोन आकडे फिरवले की पलीकडच्या खोलीतला माणूस, नऊ फिरवला की बोर्डावरची ऑपरेटर बाई, आणि शून्य फिरवलं की बाहेरची लाइन. बाहेरच्या लाइनी मात्र अख्ख्या इमारतीत तीन, त्यातली एक कायम मेलेली. त्यामुळे सगळ्यांनाच एक वाईट खोड लागली. लाइन मिळाली की सोडायचीच नाही, लागेल तेव्हा असावी म्हणून रिसीव्हर फायलींवर आडवा ठेवून द्यायचा. याला आम्ही ‘शून्य लावून ठेवणं’ म्हणायचो. ऑपरेटर बाई कावायची, पण ऐकतो कोण?

त्या दिवशी सकाळीच सोलापूरहून धाकट्या भावाची तार आली. बाबांचं काही खरं नाही, शेजारच्या डॉक्टरांकडे फोन कर. बदली होऊन कलकत्त्याला आल्यापासून दीड वर्ष मी बाबांचा आवाज ऐकला नव्हता. निघालो तोही भांडूनच. “जा, तिकडेच राहा,” एवढंच म्हणाले होते. आता गाडीत बसलो तरी पोचायला दोन दिवस. काहीही करून एकदा त्यांच्याशी बोलायचं होतं, बस्स.

ऑफिसात धावतच शिरलो. शून्य फिरवून बाहेरची लाइन घेतली, अर्जंट ट्रंक कॉल बुक केला. लागला की तुमच्या नंबरावर देतो, असं तिकडून सांगितलं. रिसीव्हर ठेवला आणि फोनकडे बघत बसलो.

अकरा वाजले, साडेअकरा झाले, फोन ढिम्म. ट्रंकवाल्यांना विचारावं म्हणून शून्य फिरवलं, तर लाइन नाही. पुन्हा फिरवलं. पुन्हा. बोट दुखायला लागलं. अरे देवा, आजच का? रडायचाच बाकी होतो. शेवटी एकदाची लाइन मिळाली, आणि नेमकं तेव्हाच साहेबांनी आत बोलावलं. लाइन सोडवेना. म्हटलं, ही गेली तर दिवसभर मिळायची नाही. रिसीव्हर फायलीवर ठेवला, कुणी हात लावू नये म्हणून वर वर्तमानपत्र टाकलं आणि आत गेलो.

साहेब दुसऱ्या लाइनवर गोदीतल्या कुणाशी तरी बोलत होते. हातानेच थांब म्हणाले. थांबलो. चांगला अर्धा तास थांबलो, गाढवासारखा. तिसरी लाइन मेलेली, दुसरी साहेबांकडे, पहिली माझ्या टेबलावर. मग माझा ट्रंक कॉल आत येणार कुठून, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

परत येऊन रिसीव्हर उचलला तर त्यात नुसती शांतता. चडफडत फोनवर जागेवर ठेवला. पाच मिनिटांत घंटी वाजली. सोलापूर.

“दादा, कुठे होतास रे?” भाऊ हुंदके देत होता. “बाबा ऐकेनात, म्हणून खुर्चीत बसवून त्यांना इथे फोनपाशी आणलं होतं. ट्रंकवाले दोनदा म्हणाले, कलकत्त्याचा नंबर एंगेज. बाबा विचारत होते, एवढं कुणाशी बोलतोय हा? गेले रे दादा. आत्ताच गेले.”



“साहेबांचा फोन चालू होता रे,” मी म्हणालो.

त्याने ते खरं मानलं. अजूनही मानतो.