कीपॅड बोलेना

बिघडलेली वस्तू दिसली की आत्याचे हात शिवशिवायचे. कपड्यांच्या कारखान्यात एकतीस वर्षं तिनं शिलाई मशिनं दुरुस्त केली होती, आणि तिथल्या बायका मुकादमापेक्षा तिलाच जास्त घाबरायच्या. कुणी हाक मारली की ती यायची, कमरेवर हात ठेवायची, आणि पहिला प्रश्न ठरलेला, "बाई, प्लग लावलाय का?" दहातल्या चार वेळा तो लावलेला नसायचा. मग आत्या जे बोलायची ते इथं लिहिण्यासारखं नाही.

लग्न तिनं केलं नाही. का, असं विचारलं तर म्हणायची, "वेळच मिळाला नाही." खरं म्हणजे धाकट्या भावाला, बंडूला, तिनंच लहानाचं मोठं केलं होतं, आणि आता अडुसष्टाव्या वर्षी तो पुन्हा लहान व्हायला लागला होता. त्याची बायको वारल्यापासून दोघं भावंडं एकत्र राहत. मागच्या थंडीत बंडू अनवाणीच घराबाहेर पडला आणि पाच तासांनी मोठ्या रस्त्यावरच्या पुलाच्या कठड्यापाशी सापडला. तेव्हा त्याच्या मुलीनं घराला अलार्म बसवून घेतला. दार उघडलं की भिंतीवरचा कीपॅड किणकिणायचा. लोक चोर आत येऊ नये म्हणून अलार्म लावतात, इथं घरचा माणूस बाहेर जाऊ नये म्हणून लावला होता. शिवाय मुलीनं बजावून ठेवलं होतं, "आत्या, आणखी एकदा जरी असं झालं ना, तर मी बाबांना वृद्धाश्रमात ठेवणार. तुझं काही ऐकणार नाही."

त्या दिवशी सकाळी आत्यानं पेपर घ्यायला दार उघडलं आणि काही वाजलंच नाही.

पेपर तिथंच टाकून ती आत धावली. बंडू पलंगावर बसून दोन्ही मोजे एकाच पायात चढवत होता. हुश्श म्हणून तिनं दुसरा पाय शोधून दिला, आणि मग ती कीपॅडकडे वळली.

कीपॅडचा हिरवा दिवा गेलेला. तिनं बटणं दाबली, आधी हळू, मग जोरात, मग शिव्या देत. बटणांच्या फटीतली धूळ ब्रशनं काढली. ढिम्म. मीटरजवळचे सगळे खटके वरच होते. मग तिनं स्क्रू काढून कीपॅड भिंतीवरून उतरवला, मागच्या चारही तारा एकेक करून ओढून पाहिल्या, पुन्हा कसल्या. कपाटातली अलार्मची लोखंडी पेटी उघडली तर तिथंही अंधार. आणि हे सगळं एक डोळा तारांवर, एक डोळा बंडूवर ठेवून. शेवटी तिनं स्वयंपाकघरातलं एक पातेलं आणलं, त्यात चार चमचे टाकले आणि ते दोरीनं दाराच्या कडीला लटकवलं. हजारोंचा अलार्म मेला होता, पातेल्याला निदान गॅरंटीची गरज नव्हती.

मग तिनं नाइलाजानं कंपनीला फोन लावला.

"मॅडम, आधी तुमचा कोड कीपॅडवर दाबा," तिकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली.

"अगं बाई, कीपॅड दाबून काही झालं असतं तर तुला कशाला फोन केला असता?"

"बरं, मग एक छोटा काळा डबा असेल बघा, सॉकेटमध्ये लावलेला. त्याचा प्लग लावलाय का?"

आत्याचं टाळकंच सरकलं. "तू जन्मायच्या आधीपासून मी हा प्रश्न लोकांना विचारतेय. मला..."

पातेलं खणखणलं.

बंडू दारात उभा होता. शर्ट नीट खोचलेला, दार अर्धं उघडलेलं. "ताई, कामाला उशीर होतोय."

फोन तसाच टाकून तिनं त्याचं कोपर धरलं. "आज सुट्टी आहे, बंडू."

"मग आधी नाही का सांगायचं?" असं म्हणून तो निमूटपणे खुर्चीत जाऊन बसला. आत्या भिंतीला टेकून उभी राहिली आणि तिला रडू आलं, पण रडायला सवड नव्हती.

फोनवरच्या त्या पोरीचं तोंड बंद करावं एवढ्याचसाठी ती शिलाईच्या टेबलाखाली वाकली. सॉकेटमध्ये शिलाई मशीनचा प्लग होता. काळा डबा मागे जमिनीवर पडलेला.

तिनं तो लावला. थोड्या वेळानं कीपॅड उजळला आणि किणकिणला.

"एखादा दिवस हे बॅटरीवर चालतं, मॅडम," फोनमधली मुलगी अजून होती. "संपत आली की टिकटिक वाजतं."

काल रात्री टिकटिक वाजली होती. फ्रिजच वाजतोय समजून आत्यानं त्याला दम भरला होता.

अर्ध्या तासात भाचीचा फोन आला. प्लग निघून अलार्म बंद पडल्याचा मेसेज कंपनीकडून तिलाही गेला होता. "प्लग कुणी काढला, आत्या?"

आत्यानं आठवून पाहिलं. मशीनला तिनं आठवडाभर हात लावला नव्हता, हे तिला पक्कं ठाऊक होतं. "बंडूनंच असेल. दुसरं कोण?"

भाची म्हणाली, "म्हणजे आता बाबा अलार्मही बंद करायला लागले. बास झालं, आत्या. उद्या मी वृद्धाश्रमाचा फॉर्म घेऊन येते."

आत्यानं फोन ठेवला. बंडू तिच्याकडेच बघत होता.

"ताई, डबा तू काढलास," तो म्हणाला. "काल. माझी पँट शिवायला."

"काहीतरी बोलू नकोस."

त्यानं पाय पुढे केला. पँटची दुमड नवी होती. शेवटी टीप तीनदा मागेपुढे मारलेली. एकतीस वर्षांत तशी टीप मारणारं कारखान्यात दुसरं कुणी नव्हतं. आत्यानं ती बोटानं चाचपली आणि कालचा दिवस शोधला. सकाळ शोधली, दुपार शोधली. काहीच हाती लागेना. बंडू हरवला त्या पाच तासांतही तिला इतकी भीती वाटली नव्हती.

गप्प राहिली असती तर कुणाला कळणार होतं? बंडू तर उद्या विसरलाही असता. मग तिनं फोन उचलला.

"ऐक. प्लग मी काढला होता."

"आत्या, बाबांना पाठीशी घालू नकोस."

"घालत नाहीये गं. टीप माझी आहे आणि मला काही म्हणजे काही आठवत नाही. मागच्या महिन्यात गॅस सुरू राहिला, तोही मी त्याच्याच नावावर खपवला."

आत्यानं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"उद्या येतेस ना, तर फॉर्म दोन आण," आत्या म्हणाली. "आणि येण्याआधी तिथं एवढं विचार, की बहीणभावाला एका खोलीत ठेवतात का."