घरून कामाचे अर्ज

सणसवाडीतल्या आमच्या कारखान्यात मी एचआरला क्लार्क. लॉकडाऊनपासून घरून काम मागणारे अर्ज माझ्याच टेबलावर येतात. फाईलला लावण्याआधी वाचावे लागतात, आणि एकदा वाचले की डोक्यातून जात नाहीत. साठत गेलेत नुसते.

पहिला अर्ज गेटवरच्या सिक्युरिटीच्या मामांचा! म्हणे, कॅमेरे मोबाईलवर दिसतात, गेट घरून सांभाळतो. मी विचारलं, ट्रक आला तर गेट उघडणार कोण? मामांनी बराच विचार केला. "तेवढं तुम्ही बघा की." आमचे साहेब पोट धरून हसले, मीही हसलो. नंतर चहाला मामा सांगत होते, बारा तासांच्या ड्युटीमुळे नातू त्यांना ओळखतच नाही, कडेवर घेतलं की रडतो. हसल्याचं मला फार वाईट वाटलं.

प्रेस शॉपचा बिहारी ऑपरेटर उलटाच अर्ज घेऊन आला. रविवारीही कामावर येऊ द्या! खोलीत सहा जण. सुट्टीला बाकीचे पाच गावी व्हिडिओ कॉल लावतात, याला लावायला कुणी नाही. "छुट्टी में क्या करूँ, सर?" माझं बिऱ्हाड लातूरला. रविवारी मीसुद्धा उगाच ऑफिसात येऊन बसतो.

केंदूरच्या सुनीताताईंना डेटा एंट्रीसाठी परवानगी मिळाली. पण घरच्यांच्या लेखी लॅपटॉप म्हणजे टाइमपास. मीटिंग चालू असतानाच सासूबाई शेवंतीच्या फुलांची पाटी निवडायला पुढ्यात आणून ठेवायच्या. एकदा साहेबांनी रिपोर्ट कुठवर आला विचारलं, आणि ताई बोलून गेल्या, "झाली निवडून, दोन क्रेट भरलं!" दोन महिन्यांत त्या स्वतःच परवानगी परत करायला आल्या. म्हणाल्या, "घरात माणसं लई, पर माझ्याशी बोलाया कुणी न्हाई."

आणि डिस्पॅचचे आप्पा. दौंडहून दोन गाड्या बदलून यायचे. त्यांच्या बायकोला, काकूंना, अर्धांगवायू झाला. मूलबाळ नाही, शेजारीण तरी किती दिवस बघणार? नोकरी सोडावी तर औषधपाणी कसं व्हायचं? आप्पांनी दोन ओळींचा अर्ज दिला. "पत्नीजवळ कोणी नाही. कागदांचं काम घरून करीन." साहेबांनी हो म्हटलं. अट एकच, रोज नऊला व्हिडिओ कॉलवर हजेरी. ती मी घ्यायची.

मी नाव घेतलं की आप्पा म्हणायचे, "हजर." मग मागच्या पलंगावरून काकूंचा बोबडा आवाज यायचा, "मी बी हजर." आम्ही तिघंही हसायचो. दिवसभरात कामाशिवाय माझ्याशी कुणी बोललेलं तेवढंच. वर्षभर यात एक दिवस खंड पडला नाही.

मग काकू गेल्या. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी बरोब्बर नऊला आप्पा कॉलवर आले. मी नाव घेतलं. "हजर," म्हणाले. कॉल त्यांनी कट केला नाही, मीही केला नाही. मागे पलंगावर गादी गुंडाळून ठेवलेली होती.

आप्पा मागे पलंगाकडे वळून बघत म्हणाले, "तिची आजपासनं रजा मांडा."