बोस्नियातलं सूत्रपठण

आमचं मांजर्लीतलं घर तळमजल्यावर आहे. उल्हास नदी दुसऱ्यांदा आत आली तेव्हा सोफा, गाद्या आणि कपाटाचा खालचा अर्धा भाग, सगळं गेलं. चिखल उपसता उपसता बायको म्हणाली, आता नाहीतरी घरात काही उरलं नाही, कुठेतरी लांब जाऊन राहू या. ती वैतागून बोलली होती, मी मात्र मनावर घेतलं. माझं काम लॅपटॉपवरचं, कुठूनही होणारं. मुलगी घरी बसून शिकायला एका पायावर तयार झाली, कारण तिला वाटलं शिकावं लागणारच नाही. नकाशा बघून बाल्कन देश ठरले. एकेका लहान गावात महिना-दोन महिने राहायचं आणि व्हिसा संपत आला की पुढचं गाव गाठायचं.

अंबरनाथ पश्चिमेला एकटी राहणारी माझी आई नातीसाठी म्हणून बरोबर निघाली. तिची अट एकच होती, रविवारची बुद्धवंदना आणि सूत्रपठण चुकणार नाही. छोटी बुद्धमूर्ती रुमालात गुंडाळून तिने स्वतःच्या पर्समध्ये ठेवली.

थंडीचे कपडे घ्यायला आम्ही उल्हासनगरला, कॅम्प पाचच्या बाजारात गेलो. दुकानदाराने विचारलं, कुठे निघालात? आई म्हणाली, बाल्कन. तो जराही न अडखळता म्हणाला, "माई, अपना माल उधर भी चलता है," आणि एकाच रंगाची चार जाकिटं बांधून मोकळा झाला. रंग भडक केशरी. बल्गेरियातल्या पहिल्याच गावात लोक आम्हाला रस्ता दुरुस्त करणारी माणसं समजले. एका म्हाताऱ्याने मला हाताला धरून आपल्या दारापुढचा खड्डा दाखवला. मी नाही म्हणून मान हलवली. तिथे होकाराची मान आणि नकाराची मान आपल्या उलट असते, हे मला तोवर माहीत नव्हतं. त्याला काय कळलं कोण जाणे, पण आम्ही गाव सोडेपर्यंत तो रोज माझ्याकडे रागाने बघायचा.

आईचं मात्र त्या गावात छान जमलं. साबणाला ते ‘सापुन’ म्हणतात, बाजाराला ‘पाझार’, चहाला ‘चाय’. पुढे सर्बियात दुकानाला ‘दुचान’ निघालं आणि खिशाला ‘जेप’. आईने जाहीर केलं की ही भाषा आपलीच आहे, फक्त या लोकांचे उच्चार बिघडलेत. त्यानंतर तिने माझ्या मोबाईलमधल्या भाषांतराकडे ढुंकूनही बघितलं नाही.

मग बोस्नियातलं गाव आलं. डोंगराखालचं, नदीकाठचं. नदी बघून बायकोने आधी घर कितव्या मजल्यावर आहे ते विचारलं. दुसऱ्या मजल्यावर होतं. खाली मालकीणबाई राहायच्या. आम्ही गेलो त्याच आठवड्यात गिझर बंद पडला. बाईंनी प्लंबरला बोलावलं. तो उंच, मिशाळ आणि कमरेत वाकलेला माणूस होता. त्याने गिझर उघडला, आत बघून उसासा टाकला आणि "सूत्रा" म्हणून निघून गेला. सूत्रा म्हणजे उद्या, हे मला मोबाईलने सांगितलं. आईला कुणी सांगितलं नाही, कारण तिने विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी तो आला, पुन्हा "सूत्रा" म्हणाला आणि गेला. असं बरेचदा झालं. आम्ही पातेल्यात पाणी तापवून अंघोळी करत होतो.

शेवटी एका सकाळी मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये असताना बेल वाजली. बायको आणि मुलगी भाजी आणायला गेल्या होत्या. दार आईने उघडलं. मला बाहेरचं सगळं ऐकू येत होतं, पण उठता येत नव्हतं, कारण तेव्हा नेमकं मीच बोलत होतो.

"सूत्रा," तो म्हणाला.

"सूत्र?" आईने विचारलं.

"सूत्रा, सूत्रा."

"बसा मग," आई म्हणाली.

थोड्या वेळाने खणखणीत आवाजात वंदना सुरू झाली. आमच्या साहेबांनी मीटिंगमध्ये विचारलं, तुमच्याकडे काही कार्यक्रम आहे का? मी हो म्हणून माईक बंद केला. बाहेर आलो तर प्लंबर मूर्तीसमोर मांडी घालायचा प्रयत्न करत बसला होता. टोपी हातात, बूट दाराबाहेर. आईने एक सूत्र संपवून दुसरं घेतलं. तो हलला नाही. शेवटी तिने त्याला चहा दिला. उठताना तो कमरेला हात लावून कण्हला, म्हणून आईने पिशवीतून बाम काढून डबी त्याच्या हातावर ठेवली. त्याने चहा पिऊन गिझर उघडला आणि तासाभरात दुरुस्त करून दिला.

पुढच्या रविवारी मालकीणबाई दोन शेजारणींना घेऊन वर आल्या. प्लंबरने कॉफीच्या दुकानात सांगितलं होतं म्हणे, की भारतातल्या आजीच्या प्रार्थनेने त्याची कंबर मोकळी झाली. एकीचा गुडघा दुखत होता, दुसरीचा खांदा. आईने सगळ्यांना बसवून सूत्रपठण केलं आणि नंतर बाम दिला. बामला श्रेय कुणीच दिलं नाही. त्या बायका अक्रोड ठेवून गेल्या.

माझ्या मुलीला हे सहन होईना. तिने आजीला प्लंबरच्या ‘सूत्रा’चा खरा अर्थ सांगून टाकला.  आई म्हणाली, "मग तो उठून का नाही गेला? विचार त्याला."

प्लंबर खाली मालकीणबाईंकडे कामाला आला होता, त्याला वर बोलावून मुलीने मोबाईलमधल्या भाषांतरावर विचारलं. प्लंबरने मोबाईलमध्ये तोंड घालून सावकाश उत्तर दिलं. त्याला वाटलं होतं की आमच्याकडे चहाच्या आधी असंच करतात, आणि मधे उठणं बरं दिसलं नसतं.

आई इतकी हसली की तिला ठसका लागला. प्लंबर आधी गोंधळला आणि मग तोही हसायला लागला.

त्यानंतर तो रविवारी कामाशिवाय यायला लागला. भिंतीला टेकून बसायचा. पठणाच्या मधे कधी डुलकी घ्यायचा, आई आवाज चढवायची. आम्ही निघालो त्या दिवशी त्याने आईची बॅग बस स्टँडपर्यंत वाहून नेली आणि ड्रायव्हरला दम देऊन तिला खिडकीची जागा मिळवून दिली. बस सुटल्यावर आई माझ्याकडे वळून म्हणाली, पुढच्या गावात नळ ठीक आहेत ना, आधी बघून घे, असा प्लंबर तिथे मिळायचा नाही.