बिनदांड्याच्या गाडीवर पाळणा

आता तुमच्यापासून काय लपवायचं. माझ्या हातची गाठ सुटत न्हाय, ही गोष्ट मी तीस वर्षं मान वर करून सांगत होते. हल्ली सांगत न्हाय. का, ते ऐका. पण हातातला कप आधी खाली ठेवा. मागच्या वेळी माझ्या जावेनं ठेवला नव्हता. तिच्या पातळाचा डाग अजून निघाला न्हाय.

माझ्या पोरीचं, सुवर्णाचं, पहिलं बाळंतपण आमच्याकडं अणदूरला झालं. नातू झाला. तीन महिने झाल्यावर दोघांना सासरी पोचवायचं ठरलं. सासर ढोकीला. आमच्यात लेकराला पोचवताना माहेरचा पाळणा संगं द्यायची रीत हाय. नळदुर्गच्या सुताराकडून सागवानी करून घेतला. दोन्ही बाजूला उभे पाय, मधी झुलता पाळणा, वर रंगवलेले राघू. चार माणसं बघून गेली, चारीच्या चारी जळून गेली.

तेवढ्यात विहीणबाईंचा फोन आला.

"कशाला येवढा खटाटोप करताव? आमच्यात जुना पाळणा हाय की. तुमचं जावई त्याच्यातच वाढलं. तुमचा टेम्पोनं पाठवून द्या, सवडीनं."

सवडीनं. हा शब्द मला लागला. म्हणजे नातू पहिल्या दिवशी त्यांच्या पाळण्यात झोपणार, आणि आमचा सागवानी मागून टेम्पोत शेळ्यांसंगं येणार. मी मालकांना सांगितलं, "नातवाची तिथली पहिली झोप आपल्या पाळण्यात. आपल्या गाडीवर बांधून न्यायचा."

मालक म्हणाले, "गाडीवर कसा बसंल?"

"तुमी चालवा. बसवायचं मी बघते."

गाडी आम्ही दसऱ्याला घेतलेली. जुनीच, पण पांढरी. नळदुर्गला गाड्या सजवायचं दुकान हाय, तिथं गेलो. म्हटलं, वर सामान ठेवायची जाळी लावून द्या. दुकानदारानं गाडीच्या टपावरून हात फिरवला, जसा दलाल शेळीच्या पाठीवरून फिरवतो तसा.

"मावशी, जाळी बसत न्हाय. तुमच्या गाडीला वर दांड्याच न्हाईत."

"कसल्या दांड्या?"

"टपाच्या दोन्ही कडंला लांब दांड्या असत्यात. जाळी त्याला आवळायची. तुमचा टप गुळगुळीत हाय."

घरी आले आणि थेट शेजारच्या पाटलांच्या अंगणात गेले. त्यांची गाडी आमच्यासारखीच. तेच नाव, तेच तोंड, रंग तेवढा लाल. आणि वर काय? दोन दांड्या. चकाचक.

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. काही उजेड पडले नसते तर बरं झालं असतं, त्यातला हा. मागच्या महिन्यात आमची गाडी दोन दिवस बाशाभाईच्या गॅरेजात होती. दोन दिवस. दांड्या काढायला किती वेळ लागतो?

मालक म्हणाले, "अगं, आधी व्हत्या का ते तरी आठव."

मी मोबाईलमधला दसऱ्याचा फोटो काढला. गाडीवर झेंडूचा हार येवढा मोठा घातलेला की टप दिसतच न्हाय. म्हटलं, बघा, काही दिसत न्हाय म्हणजे असणारच.

दुसऱ्या दिवशी सकाळी गॅरेजात हजर. बाशाभाई एका ट्रकच्या खाली झोपलेला, नुसते पाय बाहेर. मी पायांशीच बोलायला सुरुवात केली.

"बाशाभाई, माझ्या गाडीच्या दांड्या कुठायत?"

"कोन्च्या दांड्या?" ट्रकखालून आवाज आला.

"टपावरच्या. सरळ सांग, इकल्यास का ठेवल्यास?"

पाय हळूहळू बाहेर आले, मग पोट, मग काळं झालेलं तोंड. आजूबाजूची गिऱ्हाइकं जवळ सरकली. चहावाला किटली घेऊन उभा राहिला तो हललाच न्हाय.

"मावशी, तुमच्या गाडीला दांड्या नव्हत्याच."

"पाटलांच्या गाडीला हायत. गाडी तीच."

"त्यांचं वरचं माडेल. तुमचं खालचं."

आता सांगा, चार माणसांत कुणी आपल्याला खालचं म्हटलं तर काय करायचं? मी पदर खोचला. वीस वर्षांपूर्वी त्याच्या बापानं आमचा ट्रॅक्टर कसा बिघडवला इथपासून सुरुवात केली. बाशाभाई सगळं ऐकून घेत होता. माझं संपल्यावर त्यानं फडक्याला हात पुसले आणि म्हणाला, "या इकडं. दांडी काढली तर भोक राहातंय. भोक दावा. एक भोक सापडलं तर दांड्या मी माझ्या पैशानं लावतो."

मी टपावरून हात फिरवला. ह्या कडंनं, त्या कडंनं. लेकराच्या गालावरून हात फिरवावा तसा तो टप गुळगुळीत. चहावाल्यानंही एकदा हात फिरवून बघितला.

"तू बुजवली असशील," मी म्हटलं. पण आवाजात जोर नव्हता, हे मलाच कळलं.

बाशाभाई भला माणूस. त्याच्या जागी मी असते तर मला हाकलून दिलं असतं. तो म्हणाला, "मावशी, बिनदांड्याच्या गाडीला बी जाळी मिळती. दार उघडलं की वर चौकटीची कड दिसती ना, तिथं चिमटे बसवून आवळायची. पण चिमटे त्या त्या गाडीच्या मापाचे असत्यात. सोलापूरवरून मागवतो. चार दिस लागत्याल."

"मला उद्या जायचंय."

"मग खाली गोधडी टाका आन दोरीनं बांधा, हळू जावा. पर ध्यानात ठेवा, दोरी खिडकीतनं घेताना आधी दारं..."

"दोरी बांधायला तू शिकवणार व्हय मला?" मी म्हटलं. "तीस वर्षं कडब्याच्या गाड्या बांधल्यात म्या. एक पेंडी कधी पडली न्हाय."

तो ट्रकखाली परत गेला. त्याचं ते वाक्य तेवढं पुरं होऊ दिलं असतं, तर आज तुम्हाला सांगायला माझ्याकडं काही नसतं.

पाळणा बांधायला एवढा आटापिटा का, तेही सांगते. रिकामा पाळणा हलवू नये. लेकराला वाईट. आणि आमच्याकडच्या रस्त्यावरून सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटर न्यायचा, तर तो हलणार न्हाय का? म्हणून मी दोन बंदोबस्त केले. एक, पाळण्यात वरवंटा ठेवला. बारशाला ठेवतात तसाच, टोपडं घालून, दुपट्यात गुंडाळून. म्हणजे पाळणा रिकामा न्हाय. दुसरा, असा आवळायचा की राघूची मानसुद्धा हलू नये.

टपावर दोन गोधड्या टाकल्या, वर पाळणा. कडब्याचा जाड दोर घेतला. मालकांना स्टेरिंगवर बसवलं, सुवर्णाला लेकरासकट मागं. माझं सोडून बाकीची दारं लावून घेतली. मग दोर वरून पाळण्याला वेढा देऊन एका खिडकीतून आत, दुसऱ्या खिडकीतून बाहेर, परत वर. पुढं चार वेढे, मागं चार वेढे. शेवटी दोर ढिला असतानाच मी पुढच्या सीटवर बसले, दार ओढलं, खिडकीतून अर्धी बाहेर निघून दोर आवळला, छपरावर गाठ मारली आणि तिच्यावर तांब्याभर पाणी ओतलं. ओली गाठ वाळली की लोखंड होते, हे कडबा बांधणाऱ्या बाईला कुणी सांगावं लागत न्हाय.

आत बसल्यावर डोक्यावर दोराच्या रांगा. सुवर्णानं त्यावर लेकराचे ओले लंगोट वाळत घातले. म्हटलं, बघा, दांड्या असत्या तर ही सोय झाली असती का?

निघालो. पाळणा जागचा हलला न्हाय. मालक मात्र तुळजापूरच्या अलीकडंच हलायला लागले. त्यांना शुगर हाय.

"जरा थांबू का?"

"दम धरा. विहीणबाईंच्या दारातच उतरायचं."

तुळजापुरात शिरताना एका हवालदारानं हात केला. गाडीजवळ आला, टाचा उंच करून वर बघितलं आणि त्याचं तोंड उतरलं.

"अहो, वर लेकरू बांधलंय?"

"वरवंटा हाय तो," मी म्हटलं.

"टोपडं घातलंय त्याला."

"मग उघडा न्यावा का?"

"खाली उतरा आधी."

मालक आनंदानं उतरायला गेले. त्यांना ते निमित्तच पाहिजे होतं. दार बोटभर उघडलं आणि थांबलं. परत ओढलं, परत बोटभर. मी माझं दार ढकललं. बोटभर. सुवर्णानं मागचं ढकललं.

मालकांनी डोक्यावरच्या दोराकडं बघितलं. दोर ह्या दाराच्या खिडकीतून त्या दाराच्या खिडकीत गेलेला. मग माझ्याकडं बघितलं. लग्नाला एकतीस वर्षं झाली, असं त्यांनी कधी बघितलं नव्हतं.

"उतरा म्हनलं ना," हवालदार म्हणाला.

"उतरता येईना, सायेब. हिनं बांधलंय."

हवालदारानं बाहेरून दार ओढून बघितलं. गाठ चाचपली. मग टोपी काढून घाम पुसला. "तुमाला मी काय धरू? तुमी घरनंच बांधून आलाव. जावा."

मालक म्हणाले, "इथंच सोडून घेऊ की."

"इथं सोडला तर परत बांधायला तासभर. तवर तिकडं जुना पाळणा निघंल. चला ढोकीला."

त्यानंतर मालक ढोकीपर्यंत एक शब्द बोलले न्हाईत. एक एक खड्डा मात्र त्यांना बोलत होता.

ढोकीत दाराशी विहीणबाई भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या. मागं गल्लीतल्या दहा-बारा बाया. जावई पांढऱ्या शर्टात. गाडी थांबली. सगळे आमच्याकडं बघतायत, आम्ही लंगोटांच्या मधून त्यांच्याकडं बघतोय.

"उतरा की, विहीणबाई."

"तुमी आधी ववाळून घ्या," मी म्हटलं. "खिडकीतनंच. लेकराला ऊन लागतंय."

लेकरू खिडकीतून बाहेर दिलं. भाकरतुकडा झाला. बाया उभ्याच.

"आता तुमी उतरा."

मग सांगावंच लागलं. जावई धावले, गाठ शोधायला लागले. रस्त्यानं गाठ सरकत सरकत पाळण्याच्या खाली मधोमध जाऊन बसलेली आणि वाळून दगड झालेली. कुणीतरी विळा आणला.

"लोखंड लावायचं न्हाय," मी आतून ओरडले. "पाळण्याच्या दोराला लोखंड लावलेलं चालत न्हाय."

"खरं हाय त्यांचं," विहीणबाई म्हणाल्या आणि विळा माघारी गेला. आयुष्यात त्यांचं-माझं एकमत झालं ते एवढंच, आणि तेही माझ्याच मुळावर आलं.

जावयांनी डिकी उघडली, डिंकाच्या लाडवांचे डबे बाहेर काढले. मालक मागच्या सीटवरून सरपटत डिकीतून बाहेर पडले आणि कुणालाही रामराम न करता थेट घराच्या मागं गेले. सुवर्णा अंगानं बारीक, तीही निघाली. मग माझी पाळी. मी सीटवर अर्धी चढले. तिथून पुढं जाईना, मागं येईना. दोन बायांनी बाहेरून ओढलं तर काय ह्या विचारानं मीच परत जागेवर येऊन बसले.

तेवढ्यात नातवानं टाहो फोडला. झोपेची वेळ झालेली. त्याला काय, विहीण कोण आणि आजी कोण. दहा मिनिटं रडला, काळानिळा झाला. सुवर्णा माझ्याकडं बघायला लागली. लेकराचा आवाज बसायला लागला होता.

मी खिडकीतून म्हटलं, "काढा तुमचा पाळणा."

काढावा कुठं लागतोय. ओसरीवर बांधूनच ठेवला होता, वर धुतलेली चादर टाकून. विहीणबाईंनी लेकराला आत ठेवलं, दोन झोके दिले. तिसऱ्याची गरज पडली न्हाय.

मग त्या चहा घेऊन खिडकीशी आल्या. वर तोंड करून गाठीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"विहीणबाई, झोका देऊ का तुमाला बी?"

मी चहा घेतला. काय करणार, कप ठेवायला जागा नव्हती.

बाभळीच्या टोकदार खुंट्यानं त्यांनी स्वतः स्टुलावर उभं राहून गाठ सोडली. पाऊण तास लागला. त्यांच्याकडंही कडबा असतो, हे माझ्या ध्यानात राहिलं नव्हतं. मी उतरले तेव्हा पाय झोपलेले, म्हणून जावयाच्या खांद्याला धरून उंबरा ओलांडला.

पाळणा खाली उतरवला, ओसरीवर त्या जुन्या पाळण्याशेजारी ठेवला. बाया वाकून बघायला लागल्या. राघूचा रंगसुद्धा उडाला नव्हता. एकीनं दुपटं जरा बाजूला केलं, टोपडं बघितलं आणि पदर तोंडाला लावला.

तर अशी नातवाची पहिली झोप झाली, त्यांच्या पाळण्यात. आमच्या पाळण्यात आमचा वरवंटा झोपला होता, आणि मी अणदूरवरून त्याला एवढा जपून आणला होता की बिचारा वाटेत एकदाही उठला नव्हता.