मुकुंदवाडीच्या मावशी आणि आमचं सॉफ्टवेअर

लायब्ररीच्या मावशींना कुणाचं कौतुक करणं जमायचंच नाही. फार खूश झाल्या तर "बरं हाय" म्हणायच्या, तेही तोंड फिरवून. एका सरकारी कचेरीच्या रेकॉर्ड रूममधून त्या निवृत्त झाल्या होत्या आणि मुकुंदवाडीतल्या एका बुद्धविहाराची लायब्ररी सांभाळायच्या. मी तेव्हा शहरातल्या एका वेबसाइट बनवणाऱ्या कंपनीत होतो. पहिल्या दिवसापासून त्या मला 'इंजिनेर' म्हणत. त्या शब्दात आदर औषधालाही नसे.

वस्तीतल्या म्हाताऱ्या बायांना धर्मांतराच्या काळातली गाणी पाठ होती. मावशींनी एकेकीला बसवून ती मोबाइलवर रेकॉर्ड केली आणि वेबसाइटवर टाकायला आमच्याकडे आणली. पुढे तो मोबाइल बिघडला. त्यातल्या काही बायाही गेल्या. गाणी उरली ती फक्त आमच्या वेबसाइटवर.

वेबसाइट चालवणारं आमचं सॉफ्टवेअर म्हणजे आमच्या साहेबांचा अभिमान. "आपलं स्वतःचं आहे," असं ते प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत. होतं कसलं, ठिगळं लावलेली गोधडी. त्यात साधा काना-मात्रा बदलायचा तरी आम्हाला फोन करावा लागे. आत टाकलेलं बाहेर काढायची सोय तर मुद्दामच ठेवली नव्हती. साहेबांनी ठेवू नको म्हटलं, मी ठेवली नाही. पगार घेऊन मान डोलावण्यात मी पटाईत होतो.

गाणाऱ्यांपैकी एक आजी करमाडच्या. आम्ही चुकून त्यांच्या नावापुढं देवगाव रंगारी हे गाव लिहून ठेवलं. मावशींचा फोन आला, मी म्हटलं, लेखी विनंती पाठवा, नंबर लागला की करू. नंबर लागेपर्यंत तीन आठवडे गेले आणि तेवढ्यात आजी वारल्या. मावशी ऑफिसात आल्या. मला वाटलं, आरडाओरडा करतील. त्या शांतपणे एवढंच म्हणाल्या, "रेकॉर्ड रूमला आमच्या साहेबाची बदली झाली तरी फाईल अडत नव्हती. तुम्ही तर जागेवर बसून अडवता."

त्यांना जिन्यापर्यंत सोडायला गेलो तेव्हा मला राहवलं नाही. म्हटलं, मावशी, कुणाच्याच मालकीची नसलेलीही सॉफ्टवेअरं असतात. जगभरातले लोक मिळून ती बनवतात. फुकट घ्यायची, हवी तशी बदलायची, आपला मजकूर आपल्या हातानं दुरुस्त करायचा आणि एकाशी पटलं नाही तर सगळं उचलून दुसरीकडं न्यायचं. ते चालवणारी माणसं तर या शहरात गल्लोगल्ली सापडतील. मावशी पायरीवर थांबल्या.

"मग हे आधी कामून नाय सांगितलं?"

मी वर जाऊन पुन्हा कामाला बसलो.

पुढच्या आठवड्यात त्या गाणी परत मागायला आल्या. साहेब हसले. फुकटच्या वस्तूला फुकटचीच किंमत असते, असं म्हणाले, आणि फाइली देणं आमच्या नियमात बसत नाही असंही. मावशींनी त्यांच्याकडं रेकॉर्ड रूममधल्या वाळवीकडं बघावं तसं बघितलं. "आमचा विहार बी फुकट हाय साहेब. कुणीबी येतं, बसतं, झाडून काढतं. तुमच्या हापिसाइतकी धूळ नाय तिथं."

मी खाली येऊन हळूच म्हटलं, पेन ड्राइव्हवर आणून देतो. तर माझ्यावरच उखडल्या. आमचीच गाणी आम्ही चोरून का आणायची, म्हणाल्या.

मग रविवारी दुपारी विहारात बैठक बसू लागली. जुन्या वेबसाइटवरचं गाणं स्पीकरवर लावायचं आणि शेजारी दुसरा मोबाइल धरून ते पुन्हा रेकॉर्ड करायचं. उन्हाळ्यातही पंखा बंद. गेलेल्या बायांचे आवाज घुमत आणि वीसेक जणी घामाघूम होऊन श्वास रोखून बसत. कुणाचं लेकरू खोकलं की गाणं पुन्हा पहिल्यापासून. तीन महिने लागले. मी त्यातला एकही रविवार चुकवला नाही. अपराधीपणा, दुसरं काय.

ती गाणी मग मी सांगितलेल्या बिनमालकीच्या सॉफ्टवेअरवर चढवली; त्याच्या स्क्रीनवरचं सगळं मराठीत होतं. कुण्या अनोळखी लोकांनी ते हौसेनं मराठीत करून ठेवलं होतं. मावशी म्हणाल्या, "बघ, काही इंजिनेर कामाचे असतात." त्यांनी आम्हा दोघांखेरीज आणखी सहा जणींना वेगवेगळे पासवर्ड काढून दिले. जिला लिहिता येतं ती लिहील, दुसरी तपासेल. कुणी चुकलं तर कालचं पान परत आणता येई, त्यामुळं बायांची भीती गेली.

पुढं मावशी आजारी पडल्या; त्यांना दवाखान्यात हलवलं तेव्हा मी भेटायला गेलो. म्हटलं, वेबसाइटची काळजी करू नका, मी बघतो. त्यांनी डोळे मिटूनच सांगितलं, "तुझं नाव पासवर्डाच्या यादीतून काढून टाकलंय." मला लागलं. भयंकर लागलं. तीन महिने पंख्याविना बसलेला माणूस मी. "राग नको धरू," त्या म्हणाल्या. "माझंबी काढलंय."

चार दिवसांनी त्या गेल्याचा निरोप आला. काहीतरी करावं म्हणून विहारातल्या त्या सहा जणींपैकी शांताबाईंना फोन लावला. म्हटलं, मावशींची बातमी वेबसाइटवर टाकायची असेल तर मी येतो.

"टाकली की सकाळीच," शांताबाई म्हणाल्या. "त्याला तुम्ही कशाला?"

मी फोन ठेवला आणि रडलो.